पाखरं निजतात ती जागा

पौषातली सकाळ, माझ्या डोक्यावरून हातभर उंच गेलेली ज्वारी, कणसांवर साचलेलं दव आणि तांबड्या माळाच्या कडेवरून सरकत येणारा एक काळसर पट्टा... आधी वाटावं, कुणीतरी दूरवर पालापाचोळा पेटवलाय. मग तो पट्टा एकदम वळायचा, त्यात गुलाबी झाक चमकून जायची आणि हजारो पंखांचा एकच सरसराट अंगावर यायचा. भोरड्या! त्यांच्याइतकं देखणं काही मी आजवर पाहिलेलं नाही. आणि तरीही तो आवाज आला की आम्ही पोरं त्यांना हाकलायला उठायचो.

आमचं शेत मराठी-कानडी सीमेवरच्या मुडबी गावाच्या बाजूला. ज्वारी हुरड्यात आली की आम्हा पोरांचा मुक्काम दिवसभर माळ्यावर — चार मेढींवर बांधलेलं मचाण, वर कडब्याचं अंथरूण, गोफणीसाठी वाळवलेल्या मातीच्या गोळ्यांची रास आणि भाकरीचं फडकं. थंडीनं ओठ फुटलेले, हाताला ओल्या कणसांचा हिरवट, दुधाळ वास. पाखरं ज्याला आधी दिसतील त्यानं पुढच्या माळ्याला हाक द्यायची, त्यानं त्याच्या पुढच्याला. अशी ती वार्ता शेतामागून शेत पळायची. आमच्या माळ्यावरची "आल्या, आल्या, वरून आल्या!" ही हाक ओढ्यापलीकडे पोचेतो "बंदवु, बंदवु!" होऊन जायची, मराठी कुठे संपली आणि कानडी कुठे लागली, हे भोरड्यांना तर सोडाच, आम्हालाही कधी कळलं नाही.

ह्या साखळीतला पहिला माळा अण्णांचा. त्यांचं शेत अगदी माळाला लागून, म्हणून पाखरं आधी त्यांना दिसायची. अण्णा आमच्या नात्यातले नव्हते, पण आमच्या घरापेक्षा मी त्यांच्याच माळ्यावर जास्त असे. वाळलेल्या शेंगेसारखा बारीक माणूस. आवाज मात्र असा, की चार शेतं पलीकडचा बैल मान वर करायचा. नुसत्या थव्याच्या वळणावरून तो कुणाच्या रानात उतरणार, हे ते आधीच सांगत. दिवस माळाला टेकला, की मात्र ते एकदम गप्प होत. भोरड्या परतायला लागत, आमच्या डोक्यावरून थव्यामागून थवे जात... आणि त्या वेळी कुणीही हाक द्यायची नाही, असा त्यांचा दंडक होता.

"कामून पण, अण्णा?" मी विचारायची.

"पाखरू कुठं उतरायलंय ते वरडून सांगायचं. कुठं निजायलंय ते न्हाई सांगायचं," ते म्हणत. "दिवसा खातंय, दिवसा हाकल. निजलेल्या जिवाचा पत्ता द्यायचा न्हाई कुणाला."

एका संध्याकाळी ते मला घेऊन गेले. माळापलीकडे तांबड्या दगडाची जुनी, सोडून दिलेली खाण होती. तळाशी हिरवट पाणी, काठानं दाट पाणकणसं आणि येड्या बाभळी. आम्ही दगडाआड पालथे पडलो. आकाशातून भोरड्या कोसळत होत्या — दुसरा शब्द नाही — आणि बाभळी ओझ्यानं वाकत होत्या. कलकलाट इतका, की अण्णांनी माझ्या कानाशी ओठ आणून सांगितलं, "आता ही जागा दोघांलाच ठाऊक." मग अंधारासरशी सगळं एकदम थांबलं. एवढे जीव समोर असून अशी शांतता... मी घरी येईपर्यंत अण्णांचं बोट सोडलं नाही.

माझ्या तोंडात तीळ भिजत नसे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी मी पंधरा दिवस कळ काढली. त्या वर्षी भोरड्यांनी कहर केला होता. शेतंच्या शेतं रिकाम्या कणसांची उभी राहिली होती, माणसं वैतागली होती आणि त्यांचा राग खोटा नव्हता. मल्लूकाका, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, ओट्यावर बसून दोघाचौघांना सांगत होते, की पाखरांचा मुक्काम सापडला तर एका दिवसात निकाल लागेल. मी तिथंच चिंचोके खेळत होते. त्यांनी सहज हसून म्हटलं, "हिला इचारा की. दिवसभर माळ्यावर बसून भाकरी मोडायली, हिला काय कळतंय पाखरातलं!"

मला ते झोंबलं. "मला सगळं ठाऊक हाय," मी म्हणाले. "माळापलीकडं, खाणीत निजायल्यात." बोलून होताच जीभ चावली, पण ओट्यावरची माणसं तोवर एकमेकांकडे बघायला लागली होती.

त्यांनी ज्वारीचे दाणे औषधात भिजवले आणि खाणीच्या काठच्या चिखलात पसरले. हे मला नंतर समजलं. मला त्या दिवशी समजली ती फक्त सकाळ. ऊन चढलं, दव वाळलं, आम्ही माळ्यांवर गोफणी घेऊन बसलो, आणि माळाच्या कडेवर काहीच उमटलं नाही. पहिली हाकच आली नाही. दुपारी घारी घिरट्या घालायला लागल्या, तेव्हा मी धावत सुटले.

काठाला पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाबी पोटं वर करून पडलेल्या भोरड्या, मध्येच दोन टिटव्या, पाण्यावर तरंगणारी चार-पाच बदकं. अण्णा गुडघ्यावर बसून एकेक पाखरू उचलत होते आणि जिवंत आहे का ते पाहून परत खाली ठेवत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढचं पाखरू उचललं. त्या क्षणी मी ठरवून टाकलं — जागा मीच सांगितली, हे ह्यांना कळलंय.

पुढच्या हिवाळ्यात भोरड्या आल्या, थोड्या होत्या, पण आल्या. अण्णांनी माळाही बांधला. पण त्यांनी हाक दिली नाही. पाखरं डोक्यावरून येऊन खालच्या शेतात उतरायची तेव्हा आम्हाला कळायचं. लोकांनी सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, हात जोडून पाहिले; अण्णा नुसती गोफण फिरवत राहिले. तो सगळा अबोला माझ्यावरच आहे, असं मी धरून चालले होते. मी त्यांच्या बांधावरून जाणं सोडलं, मग शिकायला कलबुर्गीला गेले, आणि सुटीत घरी आले की त्यांना चुकवायला वळसा घेऊन जायची. भित्री होते, दुसरं काय.

आता कलबुर्गीतच नोकरी करते. आमचा पाखरं बघणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे. थंडी पडली, की रोज सकाळी फोटो येतात — चक्रवाक, करकोचे, भोरड्या — आणि प्रत्येक फोटोखाली तोच प्रश्न असतो: जागा कुठली, नकाशा पाठवा. मी फोटो टाकते, जागा देत नाही. "मॅडम, पाखरं काय तुमच्या एकटीची हायत का?" असं एकानं लिहिलं. माणसं चांगली आहेत, कुणी विष घालणार नाही, हे मला पटतं... आणि तरी माझं बोट नकाशाशी अडतं.

ह्या पौषात गावी गेले. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली होती. मी तेव्हाही आले नव्हते. त्यांची बायको, अक्का, अंगणात सुपात तुरी निवडत बसली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी धीर करून विचारलं, की अण्णांनी हाक द्यायची का सोडली.

"तुला ठाऊक न्हाई व्हय?" ती म्हणाली. "त्या खाणीत मेलेल्या पाखरांपायी. आदल्या सांजेला दिवस बुडताना त्यांच्याच तोंडातून हाक गेली म्हणं, 'खाणीकडं चालल्या!' म्हणून. दिवसाच्या सवयीनं गेली. ती ऐकून लोकांनी ठाव काढला, माझ्याच तोंडानं मारलं, म्हणायचे. मरेपर्यंत तेच."

"दुसऱ्या कुणी सांगितलं असंल, असं नाही वाटलं त्यांना?"

"म्या म्हणलं की. म्हणलं, ती पोरगी बी संगं आली व्हती. तर माझ्यावरच वरडले — ती मरंल पण सांगणार न्हाई, म्हणले."

मी अक्काला सगळं सांगितलं. ओटा, मल्लूकाकांचं हसणं, माझं उत्तर. एकही शब्द गाळला नाही. तिची बोटं तुरींवर थांबली. मला वाटलं, आता ही मला उठ म्हणेल.

"त्यांना सांगायचं व्हतंस गं," ती म्हणाली. "रागावले असते... पण पुन्हा हाक मारली असती."