न्हाणीवरचा भुंगा

आमच्या न्हाणीला छत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, एका कोपऱ्यात तीन बाजूंनी विटांची भिंत, चौथ्या बाजूला बांबूचा तट्टा, खाली दगडी फरशी आणि वर आभाळ. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बऱ्याच घरांच्या न्हाण्या अशाच. संडासाला छत आहे, कारण तो सरकारनं बांधायला लावला. आंग धुण्याबद्दल सरकार काही बोललं नाही, म्हणून आम्हीही काही केलं नाही. आणि खरं विचाराल तर मला छत नकोच होतं. हिवाळ्यात शेजारच्या कडुलिंबावरून ऊन सरकलं की थेट न्हाणीत उतरतं. पाठीवर गरम पाणी आणि त्यावर ऊन, यापलीकडे बाईच्या जातीला फुकटचं सुख कोणतं मिळतं ते मला सांगा.

भिंत माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंच. तेवढी पुरायची, कारण तोवर कोणाचे डोळे त्यापेक्षा उंच जात नव्हते. जे जायचे त्यांच्यासाठी गावात रीत होती. कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला घरावर चढायचं असो की चिंच झोडायला झाडावर, माणूस आधी खालून हाक देणार, "चढून राहिलो वो बायाहो!" ती ऐकली की जिचं जे काय चाललं असेल ती सावरून घ्यायची. हाक न देता चढलेल्या माणसाला आमच्या गावात चांगलं म्हणत नाहीत.

त्या हिवाळ्यात माझी मुलगी बाळंतपणाला आली होती. पहिलटकरीण. सासर गोंदिया शहरातलं, घरात सासू, सासरा, दोन दीर, आणि दुकानातल्या नोकरांचाही स्वयंपाक घरीच. पोरगी आली तेव्हा गालाची हाडं वर आलेली. मी तेव्हाच मनाशी ठरवलं की सव्वा महिना हिला उंबऱ्याबाहेर पाठवायचं नाही. सव्वा महिना तेल, शेक, सुंठीचे लाडू आणि झोप. नंतर आहेच जन्मभर चूल.

लेकरू झाल्यापासून रोज मी तिच्या आंघोळीची वेळ उन्हावर बांधली होती. लिंबावरून ऊन उतरलं की चुलीवरचा पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, उतरवायचा. त्या दिवशी तिच्या पाठीवर पहिलाच तांब्या ओतला आणि डोक्यावर भुणभुण आली. मला वाटलं भुंगा. वर पाहते तर चार पंखांचं काळं काहीतरी, लिंबाच्या शेंड्याएवढं उंच, जागच्या जागी उभं. पोरगी किंचाळली आणि पाटावरच गुडघ्यात डोकं घालून बसली. मी माझा पदर सोडून तिच्यावर टाकला आणि तांब्या वर भिरकावला. तो लागणार होता थोडाच! माझ्याच पायावर आला.

ते यंत्र सरकत सरकत शेजारच्या घरामागे उतरलं. कोणाचं ते विचारायची गरजच नव्हती. शेजारचा पोट्टा लग्नाच्या शूटिंगा करतो, देवरीपासून तिरोड्यापर्यंत. दिवाळीनंतर त्यानं ड्रोन आणला होता आणि त्याची पूजाही झाली होती. पेढा मी स्वतः खाल्ला होता. हा पोट्टा झाला तेव्हा त्याची आई तापानं फणफणलेली होती, म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून आंग धुतलं ते मीच, याच न्हाणीत, याच पाटावर.

ओल्या लुगड्यानंच मी त्याच्या अंगणात गेले. "काऊन रे, काय पाहून राहिला होतास?"

"काही नाई काकू, टेस्टिंग करून राहिलो होतो. परवा शूटिंग हाये. आता ऊन चांगलं पडते."

म्हणजे ज्या उन्हासाठी मी थांबत होते त्याच उन्हासाठी हाही थांबत होता.

"माह्या न्हाणीवर कायले थांबलं होतं थे?"

"कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडं होतं काकू. तलावाकडं."

आता बोला! माणूस जवळ उभा असला तर त्याचे डोळे कुठं फिरतात ते बाईला पाठमोरी असली तरी कळतं. त्या काळ्या डबीचं तोंड कुठं होतं ते मी कसं ओळखायचं? तो म्हणतो तलावाकडं, म्हणून तलावाकडं. मी तसं म्हटलं तर पोट्टा हसला आणि म्हणाला, "काकू, तुमी मले लहानपणी आख्खा नंगा पाह्यला. मी कधी काही बोललो का?"

ओट्यावर बसलेले दोघेतिघे खदाखदा हसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिथं मी काय काय बोलले ते लिहीत नाही, पण त्याची आई आतून धावत आली आणि माझा हात धरून मला घरी घेऊन आली.

पोरगी त्या दिवसापासून न्हाणीत जाईना. चुलीजवळ ओल्या फडक्यानं आंग पुसायची. धुरानं लेकरू खोकलायचं. दुसऱ्या सकाळी ती म्हणाली, "माय, यायले फोन करू का? मी जातो गोंदियाले. तिथं बाथरूम तरी बंद हाये." यायले म्हणजे जावईबापूंना. तिथं गेली की दोन दिवसांत पोळ्या लाटायला बसवतील, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मग मीच गल्लीतल्या बाया जमवल्या. म्हटलं, काय घेतलं आहे ते सगळ्यांसमोर दाखव. पोट्टा बिनधास्त तयार झाला. "या ना, टीव्हीवरच लावतो. चोरी थोडीच केली हाये." त्याच्या घरी समोरच्या खोलीत आम्ही दाटीवाटीनं बसलो. त्याच्या आईनं चहा ठेवला.

व्हिडिओ मोठा झकास होता, खोटं कशाला बोलू. खाली गाणं, आणि त्यावर आमचं गाव. धान कापलेली शेतं, म्हणजे आमच्या बांध्या, तणसाचे ढीग, तलाव, मारुतीचं देऊळ. बाया हरखल्या. "अवं, थे माह्यं घर!" "थे पाय, तुह्या म्हशी!" मीही पुढं सरकले. मग यंत्र गल्लीवर आलं. कवेलू, अंगण, सांदवाडी, आणि सांदवाडीच्या कोपऱ्यात न्हाणी. वरून पाहिली तर न्हाणी म्हणजे नुसतं झाकण काढलेलं खोकं. एक गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यातून वाफ निघत होती. वाफेत दोन ठिपके, एक बसलेला, एक वाकलेला.

ज्या बाया घर ओळखून टाळ्या पिटत होत्या त्या आता आपापली न्हाणी येते का ते पाहत होत्या.

"ठिपकाच तं हाये काकू," पोट्टा म्हणाला. "कोणाले का समजते?"

"ठिपका असन," मी म्हटलं, "पण थो ठिपका माह्या पोरीचा हाये."

तेवढ्यात पुढचं घर आलं, त्याचं स्वतःचं. मागच्या दोरीकडं एक बाई चालली होती, परकर छातीशी बांधलेला, खांदे उघडे, केस पिळत. मजेत चालली होती बिचारी. त्याची आई कपबशा घेऊन दारात उभी होती. तिनं टीव्हीकडं पाहिलं, मग पोराकडं, आणि ट्रे खाली ठेवून म्हणाली, "बंद कर थे." पोट्ट्याचे कान लाल झाले. एवढा वेळ त्याला सगळे ठिपके दिसत होते, हा मात्र आईचा निघाला.

"बंद करून का होते?" मागून एक नवी सून बोलली. "कालपासून हे सगळ्याइच्या स्टेटसले हाये."

झालं! गावातल्या झाडून साऱ्या बाप्यांनी 'आपलं गाव' म्हणून तो व्हिडिओ मोबाईलवर लावला होता. आपल्याच बायकांच्या न्हाण्या, गाण्यासकट. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण ऐकत मी मोठी झाले. यांनी तर आपलंच उघडं करून वाटलं आणि वर अंगठे मोजत बसले.

मी तरातरा घरी आले. पोरीचे बाबा ओट्यावर बसले होते. त्यांच्याही मोबाईलवर तेच. "कित्ती सुंदर दिसते आपलं गाव," म्हणाले. न्हाणी त्यांना दिसलीच नव्हती, देवाशपथ दिसली नव्हती. मी बोट ठेवून दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. कोणी कोणी पाहिलं ते मोबाईलमध्ये कळतं म्हणे. त्यांनी दाबून पाहिलं. त्यात जावईबापू होते.

पोरीच्या बाबांनी लगेच पुसलं. पोट्ट्यानंही आईसमोर उभं राहून पुसलं. पण पुसलं म्हणजे जातं कुठं ते? गोंदियाच्या ज्या स्टुडिओत तो काम देतो तिथल्या कम्प्युटरवर नसेल कशावरून? पहिल्या दिवशी ज्यानं तलावाकडं म्हणून सांगितलं त्याचं आता मी काय म्हणून ऐकायचं?

संध्याकाळी गल्लीतले बाप्ये बसले आणि त्यांनी निकाल दिला, न्हाणीवर पत्रा टाका. याला म्हणतात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उडवणार तो, आणि झाकून घेणार आम्ही! मी म्हटलं, घरावर चढणारा माणूस हाक देतो, यानंही द्यावी. पोट्टा मान खाली घालून म्हणाला, "बरं काकू. उडवायच्या आधी शिट्टी मारत जाईन."

"आंग धुणाऱ्या बायाइले शिट्टी मारशील?" मी म्हटलं, तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. मग हाक द्यायचं ठरलं.

पोरीसाठी मी पत्राही टाकू दिला. पोरीच्या बाबांनी गोठ्यावरचे दोन जुने पत्रे आणून तारेनं बांधले. दुसऱ्या दिवशी मी तिला समजावून न्हाणीत नेलं. आत भरदुपारी अंधार. वाफ वर जाऊन पत्र्याला लागायची आणि गार थेंब होऊन तिच्या पाठीवर पडायची. ती दर थेंबाला दचकत होती. तरी तिनं आंग धुऊन घेतलं, आणि रात्री फोन करायचं काही बोलली नाही. मला वाटलं, जमलं.

फोन तिकडूनच आला. विहीणबाई हिंदीत बोलतात. "बहू को अब भेज दो समधनजी. यहाँ कोई तकलीफ नहीं होगी, गीझर है." व्हिडिओचं अवाक्षर नाही. जावयानं तो ठिपका ओळखला होता का? की ओळखलाच नव्हता, आणि लगीनसराईत दुकानात गर्दी, घरात हात कमी, म्हणून सुनेला बोलावणं? मी अजून विचार करते. ओळखला असेल तर राग समजू शकते. पण नुसतं निमित्तच करायचं असेल तर तेही आयतंच हातात पडलं होतं.

जावईबापू गाडी घेऊन आले. मी त्यांना हाताला धरून सांदवाडीत नेलं, पत्रा दाखवला. "पाहा, आता वरून मुंगी दिसणार नाही. महिना तरी पुरा होऊ द्या." त्यांनी पत्र्याकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. "आई, लोक बोलतात," एवढंच म्हणाले. कोणते लोक, काय बोलतात, ते विचारायला माझी जीभ उचलली नाही. जावयाला असं विचारत नाहीत, आणि उत्तराचीही भीती वाटली.

पोरगी तयार होऊन बसली होती. लेकराला दुपट्यात गुंडाळताना ती हळूच म्हणाली, "माय, तिथं बाथरूम हाये. पण मले आंग धुऊन देणारं कोणी नाही." जायचं तिनंच आधी काढलं होतं, म्हणून आता नाही म्हणता येत नव्हतं. मी लाडवांचा डबा गाडीत ठेवला आणि रडले. जावयासमोर रडू नये म्हणतात, पण रडले.

दोन दिवसांनी फोन केला तर मागे कुकरची शिट्टी आणि पोळपाटाचा आवाज. "कोण लाटून राहिलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मीच. बसून तं करतो माय, काही नाही होत." लेकरू लांब कुठंतरी रडत होतं.

त्याच दिवशी मी पोरीच्या बाबांना पत्रा काढायला लावला. जिच्यासाठी टाकला ती राहिली नाही, मग माझं ऊन मी का घालवू? पोट्ट्याच्या आईनं आपल्या न्हाणीवर जुनं लुगडं बांधलं आहे. आम्ही बोलतो, पण भिंतीवरून भाजीची वाटी येत-जात नाही.

पोट्टा हाक देतो, खोटं नाही बोलणार. "काकू, उडवून राहिलो वो!" असं रस्त्यावरून ओरडतो आणि मी थांबते. पण ज्या दिवशी हाक येत नाही त्या दिवशी त्यानं उडवलं नाही की नुसती हाक दिली नाही, हे मला कोण सांगणार? म्हणून मी आता डोकं धुताना वर पाहत असते. शिकेकाई डोळ्यात उतरते, आग आग होते. तरी डोळे मिटत नाही.