गोझोच्या धक्क्यावर बेबी

यादवरावांनी मालवाहू जहाजांवर इंजिनाला तेलपाणी करणारा ऑइलर म्हणून उमेदीची वर्षं घालवली. माल्टाजवळ त्यांचं जहाज इंधन भरायला कितीदा तरी नांगरून पडायचं. इंजिनरूममधून वर आलं की लांबवर बेटाचे दिवे दिसायचे, तेवढंच. उतरायला परवानगी नसे. सुट्टीवर घरी आले की ते बायकोला, बेबीला, त्या दिव्यांचं सांगायचे आणि ती वरळीच्या खोलीत भाकऱ्या थापत ऐकून घ्यायची.

पुढे मुलगा उज्ज्वल इंजिनियर होऊन परदेशात, तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या शिपयार्डात लागला आणि दोघं म्हातारी त्याच्या तिथल्याच बेडोक भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आली. यादवराव खिडकीशी बसून राहिले. बेबी मात्र बाजारात जाऊ लागली, मासळीवाल्या चिनी आंटीशी घासाघीस करू लागली, भलत्याच बसमध्ये बसून भलतीकडे गेली आणि विचारत विचारत परत आली. चौथी शिकलेल्या बेबीचं इंग्रजी असं बेडोकमध्ये तयार झालं.

माल्टाला जायचं तिनेच काढलं. उज्ज्वलने तिकिटं काढली, आणि नेमकं निघायच्या आठवड्यात यार्डात मोठं जहाज दुरुस्तीला आलं. त्याची रजा गेली.

"आई, रद्द करू. पुढच्या वर्षी जाऊ."

"का? आम्ही दोघं जातो. तुझा बाप जगभर हिंडलाय."

इस्तंबूलला विमान बदललं ते बेबीनेच. यादवराव फलक वाचत थांबले, तोवर तिने सफाईवाल्या बाईला बोर्डिंग पास दाखवून गेट विचारून घेतलं होतं.

माल्टा पाहून झाल्यावर दोघं शेजारच्या गोझो बेटावर निघाली. बस थेट धक्क्यापर्यंत गेली. बोटीवर चढताना तिकीट कुणी मागितलंच नाही. ते परतताना घ्यायचं म्हणे. गोझोला उतरल्यावर मात्र यादवराव अडून बसले. त्यांना व्हिक्टोरिया या मुख्य गावात जायचं होतं आणि बसथांब्यावरची म्हातारी "रबात, रबात" म्हणत होती.

"रबात तर आपण कालच पाहिलं, तिकडे माल्टात. ही आपल्याला परत पाठवतेय."

बेबी पुढे झाली. "आंटी, धिस बस बिग चर्च, मार्केट, कॅन?"

"येस, येस! व्हिक्टोरिया, रबात, सेम!"

इथलं गाव एकच, नावं दोन; माल्टातलं रबात निराळं. बेबीने नवऱ्याला दंडाला धरून बसमध्ये चढवलं.

दुपारी परत आली तर वारा सुटला होता. लाटा धक्क्यावर फुटत होत्या आणि बोटी बंद होत्या. सामान माल्टातल्या हॉटेलात, यादवरावांच्या बीपीच्या गोळ्याही तिथेच. ते येरझाऱ्या घालू लागले.

"सकाळी आभाळ बघूनच मला कळायला हवं होतं."

"बसा हो," बेबी म्हणाली. "तुम्ही कुठे कुठे अडकून पडायचात आणि मी घरी एकटी घोर करत बसायचे. आज तुम्ही अडकलात तर मी जवळ आहे. मला काही वाईट वाटत नाहीये."

यादवराव शेजारी बसले. मग त्यांनी तिला सांगितलं, की उज्ज्वल पोटात होता तेव्हा भर तुफानात इंजिन बंद पडून त्यांचं जहाज वाहवत गेलं होतं, आणि आता आपण वाचत नाही अशी त्यांची खात्री झाली होती.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"मी तशीही घाबरलेलीच असायचे."

धक्क्यावरच्या चहावाल्याने आपल्या बहिणीकडे खोली मिळवून दिली. उज्ज्वलला फोन केला. विमानाला अजून अवकाश होता, त्यामुळे त्यानेही फार त्रागा केला नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि बोट सुटली, पण पाणी अजून उसळतच होतं. बेबीला मळमळायला लागलं, हातपाय गार पडले. आता यादवराव सरसावले. तिला वरच्या डेकवर, बोटीच्या मधोमध बसवून त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"खाली बघू नकोस. लांब बघ, पाणी आणि आभाळ मिळतं तिथे."

ती धक्का येईपर्यंत तिकडेच बघत राहिली.

घरी आल्यावर यादवराव रोज बेबीबरोबर बाजारात जाऊ लागले. वाटेत जहाजावरचं काहीबाही सांगतात. कधी ती ऐकते, कधी भाजी निवडता निवडता गप्प बसवते. माल्टाहून सिसिलीला बोट जाते, असं तिच्या कानावर आलंय. उज्ज्वलला तिने चौकशी करून ठेवायला सांगितलंय.