कॅरिअरवरचा पाहुणा: अमरावती ते अकोला, मुरमाच्या रस्त्यानं

आपल्या गावी अंजनगावला सायकलनं जायचं हे कमलनं एकटीनं ठरवलं आणि मला कॉलेजच्या मैदानावर नुसतं कळवलं. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. आमचा शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम संपत आला होता आणि दोघी नोकरीच्या शोधात होतो.

"बाबाचा निरोप आला," ती म्हणाली. "मले पाहाले पाहुने येऊन राह्यले. आन् त्याच्यामांगून अकोल्याच्या शाळेत मुलाखत हाय. एस.टी.नं गेली तं परत कवा निघायचं ते बाबा ठरवतीन. सायकल असली तं मी ठरवीन."

"मग मी काहून येऊ?"

"एकटी गेली तं पळून आली म्हनतीन. दोघी गेलो तं सहल म्हनतीन."

सहल म्हटल्यावर मी गेले. आईनं मात्र आमच्या गल्लीत सांगून टाकलं की पोरगी एस.टी.नं मैत्रिणीकडे चालली आहे.

माझी भाची हल्ली जाड टायरची, घडीघडीला गिअर बदलणारी सायकल घेऊन खास मुरमाचे रस्ते शोधत हिंडते. तिच्या गटातल्या लोकांसाठी तिनं हे माझ्याकडून लिहवून घेतलं आहे. त्यांना पहिलीच गोष्ट सांगते, आम्हाला असे रस्ते शोधावे लागले नाहीत. डांबर होतं तेच शोधावं लागे.

निघालो ते दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत. तुम्हीही तेव्हाच जा. सकाळी अंगाला गारवा लागतो आणि धूळ दवानं जरा बसलेली असते. कॉलेजच्या दोन जुन्या सायकली, अंगात सलवार-कमीज, हँडलला भाकरी आणि ठेच्याची पुरचुंडी. वलगावात चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "डीडीटी माराले आल्या काय?" त्या काळी सायकलवरून येणारं अनोळखी माणूस म्हणजे हिवतापाचं खातं. आम्ही नाही म्हणालो. दुसरा म्हणाला, "मंग पंजाबातून आल्या असतीन." चहा मात्र चांगला होता आणि त्यांनी पैसे घेतले नाहीत. पंजाबातून आलेल्यांकडून कसे घ्यायचे?

पूर्णेच्या काठी आसेगावाला भाकरी खाल्ल्या. पुढचा रस्ता म्हणजे तांबडा मुरूम, मध्येच उघडी पडलेली खडी, आणि कापसाच्या गाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. चाकोरीत सायकल घातली की ती आपोआप चालते, फक्त बाहेर निघत नाही. समोरून गाडी आली की आम्ही उतरायचो, बैल बुजायचे आणि गाडीवान आमच्या आईबापांची चौकशी करायचा.

अचलपूरला मुक्काम होता. दुल्हा दरवाजा आणि हौज कटोरा जरूर पाहा. आम्ही ते घाईत पाहिले, कारण ज्यांच्याकडे उतरायचं होतं ते गृहस्थ वाट पाहत होते. आमच्या एका प्राध्यापकांच्या ओळखीचे, खादीधारी, समाजसुधारक. सायकलवरच्या दोन मुली पाहून ते फार खूश झाले. ओटीवर बसवून त्यांनी स्त्रियांची मुक्ती, जातीचा नाश आणि नवा भारत या तिन्ही विषयांवर आम्हाला न थांबता सांगितलं. दम घ्यायला थांबले तेव्हा माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध झालो त्याला फार वर्षं झाली नव्हती. आडनाव कळलं की लोक पुढचं आपापलं समजून घेत.

आतून पाणी आलं. कमलला पितळेचा पेला, मला काचेचा ग्लास. गृहस्थ नव्या भारताकडे परत वळले होते. कमलनं पेला खाली ठेवला, माझ्या हातातला ग्लास घेऊन अर्धा प्यायली आणि उरलेला मला दिला. "गोड हाय पानी," ती त्यांना म्हणाली. त्यांचं वाक्य मध्येच राहिलं. जेवण आम्हाला दोघींना ओटीवरच वाढण्यात आलं. वांग्याची भाजी उत्तम होती. राहण्याचा खर्च शून्य, पण मी तिथं पुन्हा उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी पथ्रोट मागं टाकलं आणि रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी दिसली. बोनेट उघडं, आतून वाफ, ड्रायव्हर कमरेपर्यंत आत. बाजूला काळा कोट, काळी टोपी घातलेले एक मामा आणि त्यांच्यामागं इस्त्रीच्या सदऱ्यातला सडपातळ तरुण, त्यांचा भाचा. बाजूनंच छोट्या रुळांची गाडी अंजनगावला जायची, पण मामांना ती आपल्या दर्जाची वाटली नव्हती.

मामांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. "ह्याला अंजनगावात पोचायचं आहे. एक सायकल द्या, तिथं परत मिळेल."

"मामा, मला सायकल येत नाही," तरुण म्हणाला.

"का येत नाही?"

"तुम्हीच शिकू दिली नाही. पडेन म्हणाला होता."

कमलनं विचारलं, "कोनाच्या घरी जायचं हाय?"

"पुंडलिकराव, पानमळेवाले. त्यांची मुलगी पाहायची आहे."

पुंडलिकराव म्हणजे कमलचे बाबा. मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "तिकडूनच जाऊन राह्यलो आमी," ती म्हणाली. "बसा मांगं."

मामांपुढं मोठाच पेच पडला. उशीर झाला तर मुलाकडच्यांना वेळेची किंमत नाही असं दिसणार, आणि भाचा बाईच्या कॅरिअरवरून गेला तर त्याहून वाईट दिसणार. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "गावाच्या अलीकडे उतर आणि चालत जा."

तरुणाचं नाव मधुकर. परतवाड्याला तहसिलीत कारकून. कॅरिअरवर तो दोन्ही हातांनी सीटची स्प्रिंग पकडून बसला, कारण दुसरं काय पकडावं हा प्रश्न होता. मी बाजूनं चालवत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"सैपाक येते?" कमलनं विचारलं.

"चहा येतो."

"गानं?"

"नाही."

"चालून दाखवसान?"

तो हसला. "तुम्ही मलाच पाहायला आल्यासारखं विचारता."

"रस्ता कटते."

नाल्याचा चढ आला तेव्हा तिनं त्याला उतरवलं आणि सायकल मागून ढकलायला लावली. वर आल्यावर दोघांना धाप लागली होती. तो आपण होऊन म्हणाला, "मुलगी शिकलेली आहे म्हणतात. मामांना नोकरी करणारी नको."

"आन् तुमाले?"

तो पुन्हा कॅरिअरवर चढला आणि स्प्रिंग घट्ट धरली. मग तो म्हणाला, "मला अजून कोणी विचारलं नाही."

पुढचा चढ आला तेव्हा कमलनं त्याला उतरवलं नाही. मला वाटतं, पहिल्यांदाच तिला त्याची थोडी दया आली.

गावाच्या अलीकडे उतरायचं कोणालाच आठवलं नाही. तिनं सायकल सरळ बाजारातून, पानाच्या दुकानांसमोरून, देवळावरून नेली आणि आपल्या दारात उभी केली. बाबा नवा फेटा बांधून पाहुण्यांची वाट पाहत होते. शेजारची मंडळीही तेच करत होती.

"बाबा, पाहुने आनले," कमल म्हणाली.

मधुकर खाली उतरला. केसांपासून वहाणांपर्यंत तांबडा. आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि त्याला समजलं. त्यानं बाबांना नमस्कार केला. दुसरं काही करण्यासारखं उरलंही नव्हतं.

मामा दुपारी बैलगाडीतून आले. कार्यक्रम रीतसर सुरू झाला. कमल लुगडं नेसून बसली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, लोणच्याला मीठ किती घालतात ते विचारलं. मग मामा म्हणाले, "मुलीला जरा चालवून पाहू."

"मामा, चालायचं राहू द्या," मधुकर खाली पाहून म्हणाला. "मला बसवून आणलं तिनं."

माजघरातून बायकांचं हसू फुटलं. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचार करून कळवतो म्हणाले. तो विचार चहा येण्याच्या आत पूर्ण झाला होता, हे सगळ्यांना दिसत होतं.

त्या रात्री बाबांनी नवा फेटा सोडून खुंटीला टांगला आणि न जेवताच झोपले. सकाळी मात्र आम्हाला पानमळ्यात घेऊन गेले. तुम्ही गेलात तर चपला बाहेर काढा, आत वहाण चालत नाही. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या वेली, पायाखाली ओली गार माती आणि डोक्यावर इतकी दाट सावली की बाहेर वऱ्हाडातलं ऊन आहे हे विसरायला होतं. मी फिरले त्यात याहून सुंदर शेत पाहिलं नाही.

बाबा पानं खुडत होते. "गावात तोंड दाखवाची सोय नाई ठेवली तू."

"त्यायची मोटार बंद पडली होती, बाबा. तसंच सोडून आली असती तरी तुमी रागावले असते." मग तिचा आवाज उतरला. "मले अकोल्याले जायचं हाय. नोकरी भेटली तं करीन. लगन मंग, आन् मले इचारून."

ते खुडतच राहिले. मग एकदम माझ्याकडे वळले. "पोरी, तुह्या बापानं तुले कसं सोडलं?"

"आमच्या घरातून शाळेत जाणारी मी पहिली," मी म्हणाले. "शाळेत घातल्यावर माझे बाबा मला कुठं जाऊ नको असं कधी म्हणाले नाहीत."

बाबांनी हातातली पानं टोपलीत नीट रचली, वर ओला फडका घातला. मग कमलला विचारलं, "अकोल्यात राह्यशीन कोठी?"

कमलनं तोंड दुसरीकडे वळवलं. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. जाऊ द्यायचं नसतं तर बापानं राहायची सोय विचारली नसती.

अकोटपर्यंतचा रस्ता बरा, पुढं अकोल्यापर्यंत खराब आणि सावली मुळीच नाही. पाणी भरून घ्या. अकोल्याला शाळेच्या चिटणीसांनी विचारलं की लग्न झाल्यावर नोकरी सोडाल का. कमल म्हणाली, "तुमी सोडली होती काय?" मुख्याध्यापिका बाई खाली पाहून हसल्या. नोकरी तिला मिळाली. मुलींना कवायत शिकवत तिनं सगळी उमर तिथंच काढली. लग्नही केलं, उशिरा आणि आपल्या पसंतीनं. मधुकरचं मामांनी दुसरीकडे जमवलं. बऱ्याच वर्षांनी तो बदलीवर अकोल्याला आला, मुलीला कमलच्या शाळेत घेऊन आला आणि एवढंच म्हणाला, "हिला सायकल शिकवा, बाई."

मी मात्र अकोल्याहून आगगाडीनं परतले, सायकल ब्रेकच्या, म्हणजे गार्डजवळच्या सामानाच्या डब्यात टाकून. घरी पोचले तेव्हा शेजारच्या काकू ओट्यावर होत्या. "एस.टी.त गर्दी होती काय वं?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "लय होती."

आत गेल्यावर तिनं मला जेवायला वाढलं आणि समोर बसली. अमरावतीपासून अंजनगाव एवढं जवळ, पण तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. माहेर, सासर आणि कामाची शेतं, एवढंच तिचं पाहणं. मी तिला सगळं सांगितलं. काचेचा ग्लास सांगितला तेव्हा तिनं मान हलवली, नवल नसल्यासारखी. कॅरिअरचं सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसली. पानमळ्याची सावली तिनं दोनदा सांगायला लावली. मी दमून म्हणाले, झालं, संपलं.

"नाई संपलं," आई म्हणाली. "अकोटाच्या पुढचं राह्यलं. तो रस्ता कसा होता, ते सांग."

मी हात धुतले आणि पुन्हा तिच्यासमोर बसले.