कापसाचं मैदान

म्हसावदला शकील पिंजारीचं घर विचारलं की लोक आधी हसायचे आणि मग दाखवायचे. हसण्याचं कारण असं, की त्या घरात कशालाच टोक म्हणून शिल्लक ठेवलेलं नव्हतं. खाटेचे पाय, ओट्याची कड, शिलाई मशीनचा कोपरा, सगळ्यांना जुन्या खोळीत रुई भरून टाके घातलेले. पोराच्या सायकलच्या दांडीलासुद्धा गादी. ही सगळी तयारी एका पोरासाठी, वसीमसाठी. लग्नानंतर कितीतरी वर्षं शकीलच्या घरात पाळणा हलला नव्हता. मग वसीम झाला आणि शकीलभाईचा जीव त्या पोराच्या अंगाभोवती घिरट्या घालत बसला, तो पुढे मुलगी, रिम्शा, झाली तरी तिथून हलला नाही.

बिचाऱ्याला दुसरं काही येतही नव्हतं. बाप गाद्या भरायचा, आजा गाद्या भरायचा. आता यंत्र आलं होतं, पण यंत्राने पिंजलेली रुई खोळीत पसरायची कशी, मधे किती आणि कडेला किती, हे हातच ठरवतो. मुलीच्या लग्नात द्यायची गादी शकीलकडूनच भरायची, असं आसपासच्या गावांत ठरून गेलेलं. मऊ म्हणजे चांगलं आणि कडक म्हणजे वाईट, एवढंच त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. माणूस ज्या धंद्यात वाढतो, त्याच धंद्याच्या डोळ्याने जगाकडे बघतो. त्यात त्याचा दोष काय म्हणायचा?

आणि अशा माणसाच्या पोटी कबड्डीचं वेड घेऊन पोरगा जन्मला. वसीम दहावीला होता तेव्हा गावातल्या मंडळाच्या मैदानावर चोरून जायचा. अंगाने काटकुळा, पण चढाईला गेला की हाताला लागायचा नाही. मंडळाची पोरं तयार करायचे ईश्वरभाऊ, केळीच्या बागा करणारा गडी, स्वतः उमेदीत खूप खेळलेला. एक दिवस वसीम गुडघा सोलून घरी आला आणि सगळं उघडं पडलं. शकीलने त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. पोराने दुसऱ्या दिवशी लावला नाही. तिसऱ्या दिवशी बिबीजान नवऱ्याला म्हणाली, आता तुम्हीच काय ते मिटवा, मी दोघांच्या ताटांवर माशा मारत बसणार नाही.

शकील ईश्वरभाऊंकडे गेला.

"ईश्वरभाऊ, मन्हा एकच पोऱ्या शे. त्याले काही व्हयनं ते?"

"अरे शकीलभाई, पोरं पडतीन, गुडघा सोलाई जाई. हळद लावानी नि परत खेळानं. माले देख, मी कितला डाव पडनू."

"ते मंग मैदान मी बनाडसू. गादीवर खेळू द्या त्यास्ले."

ईश्वरभाऊ हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मग शकीलचा चेहरा बघून त्यांनी समजावलं, "टीव्हीवर जी गादी दिखस ती रबरनी ऱ्हास, कडक. तुन्ही रुईनी गादी दबी जाई, पाय धसी."

"दबस म्हनीसन ते लागस नही," शकील म्हणाला.

 आणि खरं सांगायचं तर ईश्वरभाऊंनाही वसीम हवा होता. लोणखेड्याच्या पोरांशी सामना ठरलेला, आणि चढाईला असा दुसरा पोरगा त्यांच्याकडे नव्हता. बापाची समजूत पटते आहे ना, मग गादी तर गादी, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पुढे या एका विचारापायी त्या माणसाची झोप उडाली ती कायमची.

शकीलने त्या उन्हाळ्यात लग्नाच्या गाद्या मागे ठेवल्या आणि मैदान भरलं. जाड कॅनव्हासच्या खोळी शिवल्या. जुनी रुई पुन्हा पिंजली, कडांना दुहेरी टाके घातले, एक गादी दुसरीला सुतळीने बांधली. बिबीजान आणि रिम्शा रात्र पडेपर्यंत दाभण घेऊन बसायच्या. ज्या दिवशी ते अंथरलं, त्या दिवशी अख्खं गाव बघायला आलं. म्हाताऱ्यांनी वर बसून पाहिलं, लहान पोरांनी कोलांट्या मारल्या. कबड्डी खेळायची की झोपायचं, असं कुणीतरी म्हणालं आणि शकीलसुद्धा हसला. इतका मोकळा हसलेला तो लोकांनी पहिल्यांदा पाहिला.

सुतळी ती सुतळी. रोज आठ-दहा पोरं त्यावर नाचल्यावर ती सैल पडायचीच. दिवाळीनंतर एका संध्याकाळी वसीम चढाईला गेला, गडी टिपला आणि मध्यरेषेकडे वळला. पाठीवर तिघं लटकलेली. मातीवर असता तर घसरत रेषेला हात लावून मोकळा झाला असता. पण त्याचा पाय दोन गाद्यांच्या मधल्या फटीत उतरला आणि तिथेच अडकला. वसीम डोक्यावर आपटला. वरून तिघं आली.

शकील तेव्हा एका लग्नघरच्या अंगणात रुई पसरत होता. मंडळातला पोरगा धावत आला आणि म्हणाला, "वसीम पडना. उठी नही ऱ्हायना." शकील अंगाखांद्यावरच्या रुईसकट पळाला.

वसीमचे डोळे उघडे होते. रडत नव्हता. बापाला बघून त्याने विचारलं, "अब्बा, मन्हा पाय कोठे गयात?"

पाय तिथेच होते. शकीलने ते दोन्ही हातांनी धरले होते.

पोरांनी एक गादी सोडवली, वसीमला उचलून तिच्यावर घातलं आणि टेम्पोत ठेवलं. रस्त्याने हादरे बसू नयेत म्हणून शकीलने त्याच्या मानेखाली एक मऊ उशीही सारली. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की मान मोडलेल्या माणसाला असं हलवायचं नसतं, उशी तर द्यायचीच नसते. त्यांनी ते रागाने सांगितलं नाही, सहज सांगितलं. शकीलला ते रोज ऐकू यायचं.

वसीम घरी आला तो मानेखाली निपचित. बोलायचा, गिळायचा, मान थोडी वळवायचा. घरातली एक मोठी खोली त्याला दिली. रुईच्या धुळीने त्याच्या छातीत घरघर व्हायला लागली, म्हणून शकीलने यंत्र उचलून स्टँडजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. आणि पोराला अंथरायला त्याने स्वतःच्या हाताने एक गादी भरली, जन्मात कुणाला भरली नसेल अशी. तिच्यावर वसीमच्या पाठीला जखमा झाल्या. मग दवाखान्याने सांगितलेली हवेची गादी आणावी लागली. ती दिवसभर विजेवर घुरघुरायची. शकील तिच्याकडे बघायचा नाही.

गावात बोलणारे बोलले. पोरांना असले धसमुसळे खेळ खेळूच देऊ नयेत, असं काहींचं मत पडलं. ज्यांना खरं कळत होतं ते शकीलसमोर गप्प राहायचे, आणि ते गप्प राहणं त्याला जास्त लागायचं. ईश्वरभाऊ दर जुम्म्याला येऊन वसीमजवळ बसायचे. ते आणि शकील एकमेकांशी चहापलीकडे बोलले नाहीत. मंडळाच्या खोलीत त्या गाद्या पडून राहिल्या आणि उंदरांनी त्यांची वाट लावली.

असं वर्ष गेलं. वसीम हळूहळू बोलायचा थांबला. खाऊ घातलं तर खायचा, विचारलं तर हो नाही करायचा.

पुढच्या पावसाळ्यानंतर शकीलला घरात काहीतरी बदललेलं जाणवलं. पोरगा दुपारपासून दाराकडे मान करून बसवायला सांगायचा. रिम्शा आता नववीत होती आणि शाळेतून उशिरा यायची. जादा तास असतात, असं बिबीजान म्हणायची. एकदा शकील शेडवरून लवकर परतला तर आतून हसण्याचा आवाज आला. दारातच त्याचा पाय थबकला. वसीम हसत होता. पोराच्या हसण्याचा आवाज कसा होता, हे तो विसरून गेला होता.

"मंग ती कोपऱ्यावरली पोर तुन्हा पाय धरीसन बठनी?"

"हा. पन मी वढत वढत लई गऊ तिले," रिम्शा सांगत होती.

"नजर डाव्याकडे टाकानी नि जावानं उजव्याकडे. मी काय सांगं व्हतं तुले? परत दखाड."

रिम्शा खाटेसमोर चढाईची पावलं टाकून दाखवत होती आणि वसीम मान हलवून, डोळे इकडे तिकडे करून तिला शिकवत होता. त्या क्षणी शकील बाहेरूनच मागे फिरला असता तर किती बरं झालं असतं. पण त्याला रिम्शाचं सोललेलं कोपर दिसलं. बस्स. पुढचं त्याला काही दिसलं नाही.

तो ओरडला नाही. आत जाऊन एवढंच म्हणाला, "सकायपासून हाई बंद."

रिम्शाने मान खाली घातली. वसीम अगदी मऊ आवाजात, समजूत काढावी तसं म्हणाला, "अब्बा, ती मातीवर खेळस."

बापाला टोचायचं त्याच्या मनात नव्हतं. बापाची भीती जावी म्हणूनच तो बोलला. पण त्या दिवशी शकीलला कळलं, की पोराला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे आणि त्याने एकदाही तोंडातून काढलेलं नाही.  आणि माणसाचा स्वभाव बघा, कळलं तरी तो म्हणाला, "तरी बंद."

त्या रात्री बिबीजान त्याला म्हणाली, "तुम्ही वसीमले खेळू दिधं ती चूक नही व्हती. भ्यात भ्यात खेळू दिधं, ती व्हती." शकीलने कूस बदलली. तिचं म्हणणं खरं होतं आणि खरं असूनही त्याचा धीर होईना. एक पोर गेल्यासारखं पडून आहे, दुसरं कोणत्या तोंडाने मैदानावर पाठवायचं?

रिम्शा शहाणी मुलगी. रुसली नाही, फुगली नाही. शाळा सुटली की सरळ घरी यायची, भावाजवळ बसायची, त्याचा घाम पुसायची. वसीम पहिले काही दिवस विचारायचा, आज काय झालं? ती सांगायची, काही नाही. गणिताचा तास झाला, मराठीचा झाला. मग त्याने विचारणं सोडलं. दाराकडे तोंड करून बसवा, असंही म्हणेना. भिंतीकडे वळवा म्हणायचा.

थंडीत त्याला खोकला झाला. दवाखान्यात नेलं, आणलं, पुन्हा नेलं. अशा पोरांची छाती कमजोर असते, त्याने जोर लावायला हवा, असं डॉक्टर म्हणाले. जोर कशासाठी लावायचा, हे वसीमला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. फेब्रुवारीत, भरदुपारी, आईच्या हातून पाणी पिता पिता तो गेला. मातीला अख्खं गाव आलं. ईश्वरभाऊंनी खांदा दिला आणि कबरस्तानाच्या फाटकाशी बसून लहान पोरासारखे रडले.

चाळिसावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शकील लवकर उठला. रिम्शा अंगणात वेणी घालत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.  "बेटा, तू खेळानं चालू कर. मी ईश्वरभाऊले सांगी दिधं शे. मातीवरच खेळ."

रिम्शाने वेणी पूर्ण केली, रिबीन बांधली.

"खेळसू, अब्बा," ती म्हणाली. "पन घर ईसन सांगू कोनले?"

माले सांग, असं म्हणायला शकीलने तोंड उघडलं. पण चढाईला गेलेला गडी बाद कसा होतो, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. वसीम खेळायचा तेव्हा तो मैदानाच्या कडेला खेळाकडे पाठ करून उभा राहायचा, आणि पोराचा एकही डाव त्याने डोळ्यांनी पाहिला नव्हता.