अकरा टोपले शेण आणि सरांचं कोर्ट

सांगायची लाज वाटते, आणि सांगितल्याशिवाय राहवत बी नाही! मूर्खपणा कोण करत नाही? पण अकरा टोपले शेण घालून केलेला मूर्खपणा सगळ्या सेलूत माझ्या एकटीच्याच नावावर असंल.

आमचे हे टेनिसचे मास्तर. गाव त्यांना सर म्हणतं. सेलूत टेनिस! हसा, हसा. माझ्या माहेरचे बी हसले होते. पोरगा काय करतो? तर जाळीच्या इकडून तिकडं चेंडू मारतो. मग? मग तिकडचा इकडं मारतो. माझा बाप म्हणाला, "आन् ह्या कामाला दोन गडी लागतेत व्हय?"

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागं ह्यांनी आपल्या हातानं लाल मातीचं कोर्ट केलं. विटांचा चुरा चाळायचा, मातीत कालवायचा, पाणी शिंपायचं, रोलर ओढायचा. अठ्ठावीस वर्षं हेच. घरात जेवलेलं ताट उचललं नाही कधी, पण कोर्टावर खडा दिसला की वाकलेच. मी भांडले, रडले, एकदा रॅकेट चुलीत घालायला निघाले होते. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. कोर्टाचं काय उपटता?

मग ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. ज्या माणसाचं सगळं उजव्या हातात, देवानं त्याचा नेमका उजवाच नेला. पाच महिने खाटेवर. खाऊ मी घालायचे, न्हाऊ मी घालायचे, आणि हे खिडकीतून जिनिंगच्या दिशेला बघत बसायचे. माझ्याकडं नाही हं! जिनिंगकडं!

ह्यांची एक शिष्या, आरती. जिंतूर रोडवरच्या खेड्यातली, धनगराची. मेंढरांमागं पळून पळून पायात वारं भरलेलं. तिचा निवडीचा सामना रविवारी आमच्याच कोर्टावर होता. जिंकली तर पुण्यात खेळाडूंच्या वसतिगृहात राहणं, खाणं, शाळा, सगळं. हरली तर? तिच्या बापानं आधीच सांगून ठेवलेलं, "सर, ह्यो येक सामना. न्हाई जमलं तर मेंढरं हायेतच."

सामना ह्याच मातीवर व्हावा म्हणून सरांनी किती वर्षं अर्ज केले. ह्या कोर्टाचा कोपरान् कोपरा पोरीच्या पायाला पाठ होता. आणि मंजुरी आली कधी? सर आडवे पडल्यावर!

शुक्रवारी मी कोर्ट बघायला गेले. आई गं! पाच महिने पाणी नाही. हात जाईल एवढ्या भेगा, कडेला गाजरगवत. शेजारची गयाबाई बरोबर होती. ती म्हणाली, "वहिनी, हितं पोरगी खेळली तर तंगडंच मोडंल."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हटलं, जमिनीला भेगा पडल्यावर आपण काय करतो? खळं करताना काय करतो? सारवतो! एवढी साधी गोष्ट, आणि हा माणूस अठ्ठावीस वर्षं विटा चाळत बसला!

तरी पण मी विचारल्याबिगर केलं नाही, हे ध्यानात घ्या. गयाबाईला घेऊनच घरी आले, ह्यांना तक्क्या लावून ताठ बसवलं आणि म्हटलं, "आवं, कोर्टाची फिकीर करू नका. मी सारवून काढते. खळ्यावाणी!"

ह्यांचे डोळे मोठे झाले. डावा हात उचलला आणि तळवा हवेत इकडून तिकडं, इकडून तिकडं फिरवायला लागले.

मी गयाबाईला म्हटलं, "बघ गं! सारवायचं कसं ते बी मला शिकवायलेत!"

"हात किती झपझप चालायलाय, वहिनी!"

"शेण जास्ती घालू का?" मी विचारलं.

हात आणखी जोरात. डोळ्यांतून घळाघळा पाणी. बघून मला बी भरून आलं. म्हटलं, लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा हा माणूस माझ्या कामावर खूश झाला! आणि आठ टोपल्यांचे अकरा टोपले केले.

शनिवारी आम्ही सहा बाया. गाजरगवत उपटलं, भेगा बुजवल्या, शेणकाला कालवला आणि कमरेत वाकून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवत गेलो. काय चकाकायला लागलं म्हणता! फक्त पांढऱ्या रेघा झाकल्या गेल्या. त्यात काय, रांगोळी होती की! अठ्ठावीस वर्षं त्या कोर्टावर डबा घेऊन गेलेली बाई मी. अंदाजानं ओढल्या रेघा. चार कोपऱ्यांना चार स्वस्तिकं. जाळीच्या खांबांना हळदी-कुंकू.

रविवारी सकाळी ह्यांना रिक्षात घालून नेलं, सावलीला खुर्चीत बसवलं. ह्यांनी कोर्ट बघितलं. वाकडं तोंड थरथरलं, आणि पाच महिन्यांनी त्या तोंडातून पहिला शब्द फुटला.

"कोन?"

मी पदर खोचून पुढं झाले. "मी!"

ह्यांनी डोळे मिटून घेतले.

आरती एसटीतून उतरून थेट तिथंच आली. कोर्ट बघून जागच्या जागी थांबली. "काकू, लगीन हाय का हितं कुणाचं?"

तेवढ्यात निवडीचे साहेब लोक आले. समोरची पोरगी आली, पांढरीशुभ्र, बगळ्यावाणी. सामना सुरू. आरतीनं चेंडू मारला. तो पलीकडं पडला आणि पडला तो पडलाच. उडेना! अजून ओल्या शेणात एका अंगानं बरबटून गपगार बसला. समोरची पोरगी उडेल म्हणून वाट बघत उभी. पुढच्या चेंडूला ती पळाली, पाय सरकला, आणि बगळा शेणात पालथा.

साहेब ओरडले, "अहो, हे कोर्ट आहे का गोठा?"

आता गप बसावं का नाही? पण माझं तोंड! "साहेब, नीट बोला! शेण हाय ते, इख न्हाई! तुमच्या आईनं काय फरशीवर जन्म दिला का तुमाला?"

साहेबांनी टेप काढला. रेघा मोजल्या. एक बाजू दुसरीपेक्षा दीड हात आखूड. त्यांनी माझ्याकडं बघितलं, स्वस्तिकाकडं बघितलं आणि वहीत लिहिलं, मैदान खेळण्यास अयोग्य. सामना दुपारी परभणीला, सिमेंटच्या कोर्टावर.

सिमेंटावर आरती जन्मात खेळली नव्हती. फोन आला तो चार वाजता. सहा-एक, सहा-दोन. हरली.

घरात दूध तापवलं. ह्यांना तक्क्याला टेकवून पेला पुढं केला. "दूध घेता का?"

ह्यांनी डावा हात उचलला. तळवा हवेत इकडून तिकडं, इकडून तिकडं.

पेला माझ्या हातातून सुटला. अहो, नको असलं की हा माणूस पाच महिने भिंतीकडं तोंड फिरवायचा. आणि शुक्रवारी मीच त्यांना तक्क्या लावून बसवलेलं. भिंत गेली पाठीमागं! मग नको म्हणायला बिचाऱ्याजवळ हातच उरला होता. तो जीव तोडून नको नको म्हणत होता, आणि मी त्याच्यासमोर टोपले वाढवत होते.

तिसऱ्या दिवशी आरती आली. सर झोपले होते. मी कधी कुणाची माफी मागितलेली नाही, नवऱ्याची बी नाही. तिचे हात धरले आणि म्हटलं, "पोरी, मपलं चुकलं. तुपलं पुणं मी शेणात घातलं."

तिनं आधी सरांकडं बघितलं, मग मला चुलीपाशी ओढून नेलं. "काकू, येक सांगू? कुनाला बोलू नका. त्या पोरीचं मनगट लय भारी हाय. मी मातीवर बी हरलेच असते. दुसऱ्याच गेमात मला कळालं."

"मग हे त्यान्ला सांग की! माझ्या डोक्यावरचं वझं तरी जाईल!"

"न्हाई काकू," ती म्हणाली. "सरान्ला वाटतंय, मी जिंकले असते. त्यान्ला तसंच वाटू द्या. तुमचं काय, तुमाला सोसंल."

आणि गेली मेंढरांमागं. सोसंल म्हणे!

हे तुम्हाला लिहून सांगायलेय, कारण ह्यांना आता वाचायला अक्षर लागत नाही. वाचा थोडी थोडी यायलीय. दिवसाला पाच-सहा शब्द. कुणी भेटायला आलं की सगळे जमवून ठेवलेले शब्द बाहेर काढतात. डाव्या हाताचं बोट माझ्याकडं. "पोरगी... जिंकली असती... हिनं... शेण..."

पाहुणे माझ्याकडं बघतात. मी चहाचा कप पुढं करते आणि म्हणते, "व्हय, मीच ती. चौथी शिकलेली बाई, मला कोर्टातलं काय कळतंय?"

मग हे समाधानानं मान हलवतात. ह्या एका गोष्टीवर आमचं दोघांचं एकमत झालंय. लग्नानंतर पहिल्यांदाच.