चौतीस नंबरची घंटा
ऑपरेटरबाईंच्या नाकावर माशी बसत नसे आणि कानातून काही सुटत नसे. बावीस वर्षं एकाच कार्यालयाचे फोन जोडणारी बाई ती. कोण दुसऱ्या घंटेला उचलतो, कोण मुद्दाम वाजू देतो, सगळं तोंडपाठ. नवरा चिडवायचा, "माझ्यापेक्षा त्या एक्स्टेन्शनांना तू जास्त ओळखतेस." त्या म्हणायच्या, "ती हाक मारली की ओ तरी देतात."

तर या कार्यालयात नवी यंत्रणा आली. फोन उचलला नाही, की कॉल आपोआप व्हॉइसमेलवर. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने सगळ्यांना एकच माप लावलं, पंधरा सेकंद. बाई म्हणाल्या, "अहो, सगळी माणसं काय फोनला चिकटून बसतात?" तो हसला आणि गेला. शहाण्याला शब्दाचा मार खरा, पण आधी शहाणा भेटायला हवा ना.

आठवड्याने साहेबांच्या हाती न उचललेल्या कॉलची यादी आली. चौतीस नंबर म्हणजे गोदामातले स्टोअरकाका. त्यांचे तेवीस कॉल व्हॉइसमेलवर गेलेले. साहेबांनी बाईंनाच सांगितलं, "काका जागेवर नसतात. सोमवारपासून त्यांना गेटवर बसवू. पत्र टाइप करा."

सव्वीस वर्षं खिळ्यान्‌खिळ्याचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि गेटवर? बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज त्यांचा नेहमीचाच, फोनवरचा.

"पत्र करते की. पण काका आता जेवायला गेलेत, तेवढ्यात तुम्ही गोदामात जाऊन शेवटच्या रॅकपाशी उभे राहा. मी फोन लावते, तुम्ही उचला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

साहेब कुरकुरत गेले. फोन दाराजवळच्या भिंतीवर, मधे चौदा रॅका आणि खोक्यांमधली वाकडी वाट. पहिल्यांदा साहेब भरभर चालले, फोन अर्ध्या वाटेत गप्प झाला. दुसऱ्यांदा पळाले, एका खोक्याला अडखळले, हात पुढे केला आणि घंटा थांबली. इकडे बाईंना व्हॉइसमेलचा सूर ऐकू आला. त्यांनी शांतपणे निरोप ठेवला, "साहेब, हा पंचविसावा."

थोड्या वेळाने साहेबांचा तिथूनच फोन आला, धापा टाकत. "बाई, किती सेकंद हवेत?"

"तुमचे गुडघे धड आहेत, साहेब. काकांच्या गुडघ्यांना पंचेचाळीस लागतील."

"करा. आणि ते पत्र राहू द्या."

बाईंनी तंत्रज्ञाची वाट पाहिली नाही. आपला हात जगन्नाथ म्हणत स्क्रीनवर चौतीस नंबर उघडला, पंधरा खोडून पंचेचाळीस घातले.

जेवणानंतर त्यांनी फोन लावून पाहिला. दहाव्या घंटेला काकांनी उचलला.

"बोला, बाई."

"काही नाही, फोन तपासत होते."

काका म्हणाले, "आठवडाभर मी पोचलो की हा बंद पडायचा. वाटलं, आता आपलं इथलं संपलं."

बाई ठणकावून म्हणाल्या, "काही संपलेलं नाही. सावकाश येत जा, काका. तो थांबतो आता."