सांदणाचं शेवटचं वाक्य

मार्चमधल्या धुळीच्या दिवसांत रियाधचा प्रकाश दुधट पिवळा होतो. इमारतींना कडा उरत नाहीत आणि अल मलाझच्या जुन्या गल्ल्या संथ पाण्याखाली ठेवल्यासारख्या दिसतात. अशाच एका शुक्रवारी दुपारी मी खदिजाभाभींच्या बैठकीत उभी होते. नव्या खोक्यांचा, लोबानाचा आणि सुक्या सोड्यांचा वास एकमेकांत मिसळला होता आणि गालिच्यावर त्यांचा संसार मांडलेला होता.

मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदी माणसंच ठेवायची असा नियम आला आणि भाभींच्या नवऱ्याचं, शरीफभाईंचं, दुकान बंद झालं. नवराबायको कायमचे रत्नागिरीला निघाले होते. जाणाऱ्यांनी सामान मांडायचं, राहणाऱ्यांनी हवं ते उचलायचं, ही आमच्याकडची रीतच झाली आहे. मी रुग्णालयात फार्मासिस्ट. माझ्या जागी येऊ शकेल अशा सौदी मुलीला सध्या मीच काम शिकवते, आणि माझा करार वाढणार की नाही हे कुणी सांगत नाही. म्हणून जे पुन्हा बांधावं लागेल ते घ्यायचं नाही, हा माझा नियम.

तो नियम पातेल्यांच्या आड पडलेल्या एका पुस्तकानं मोडला. पिवळी पडलेली पानं, कापडी पुठ्ठा, पाककृतींचं पुस्तक. आणि वर जिचं नाव होतं तिचा एकुलता एक कथासंग्रह मी कॉलेजात असताना उशाशी घेऊन झोपत असे. त्यानंतर तिनं काही लिहिलंच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मी उभ्याउभ्या पान उघडलं. मापं नीट दिलेली नव्हती, मीठ तर बहुतेक ठिकाणी विसरलेलं. पण फणसाचा रस गाळताना अंगणात पडलेली सावली होती, वाफेच्या आवाजात हरवलेली कुणाची तरी हाक होती. तिच्या कथा थांबल्या नव्हत्या, फक्त चुलीपाशी येऊन बसल्या होत्या.

पानांवर तेलाचा एकही डाग नव्हता. कुणी वापरलेलंच दिसत नाही, असं म्हणून मी ते पिशवीत टाकलं.

"घेतलंस काय गो ते?" भाभींनी विचारलं. "मंग जायच्या आधी सांदणाचं वाच."

त्या उर्दू शाळेत शिकलेल्या. मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. पुस्तक वरच्या मजल्यावरच्या नगरच्या सिस्टरचं होतं. ती सुट्टीच्या दुपारी इथे, याच गालिच्यावर, भाभींना वाचून दाखवायची आणि देशात परतताना त्यांच्याकडेच ठेवून गेली.

"मग यातलं काय काय केलंत?"

"करायचं कशाला? सांदण मला माझ्या आईनं शिकवलंय. हे ऐकायचं." त्या हसल्या. "तुझी लेखिका मीठ घालायला विसरते."

मी गालिच्यावर बसले, पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचू लागले. फणसाच्या रसातलं सांदण वाफेवर ठेवलेलं असताना एक वाटसरू पाणी मागतो, घरातली बाई तांब्या घेऊन येते, तोवर तो निघून गेलेला असतो. शेवटच्या ओळीपाशी मी श्वास घेतला, आणि भाभींनीच डोळे मिटून ती पुरी केली, "आन् तांब्या पायरीवर तसाच भरलेला राहिला."

मी पुस्तक मिटून त्यांच्यापुढे सरकवलं. न्या, म्हटलं.

"नेऊन काय करू, बाय? सुना इंग्रजी शाळेतल्या. पुस्तक आपलं आपण बोलत नाय."

त्यांनी ते माझ्याकडे परत सरकवलं आणि दुसऱ्या खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. पट्टीचा आवाज बराच वेळ खोलीत होता.

आता दर शुक्रवारी, बाहेर उन्हानं गल्ली पांढरी पडलेली असताना, मी एक पाककृती फोनवर वाचून त्यांना पाठवते. उत्तरात त्यांचा आवाज येतो. कधी त्यामागे कोंबड्या असतात, कधी कोयता चालत असतो. नवं काही पाठवलं तरी फिरून फर्माईश सांदणाचीच. ते मी शेवटची ओळ सोडून वाचते आणि थांबते, आणि ध्वनिमुद्रण चालूच ठेवते. माझ्या खोलीतल्या एसीची घरघर तेवढी तिकडे जाते. त्या मोकळ्या जागेत भाभी तिथे ती ओळ म्हणत असतील, की नुसत्याच ऐकत असतील, मी विचारलेलं नाही.

कराराचं अजून काही कळलेलं नाही. पुस्तक कपाटात ठेवलेलं नाही. ते माझ्या खोलीत गालिच्यावरच असतं.